टेक्स्चर 'सीमलेस' आहे तरी साईटवर रेघ दिसतेय? इमेज परत बनवायच्या आधी हे तपासा

साडीच्या दुकानाची साईट असो, कोकणातलं होमस्टे असो नाहीतर मंगल कार्यालय, मागे खणाचं कापड, जांभ्याची भिंत किंवा हँडमेड कागद हवाच असतो, आणि आठवड्याभरात फोन येतो की "अहो ते मागे चौकोन चौकोन दिसतायत". ही दुरुस्ती मी इतक्यांदा केलीय की आता स्क्रीनशॉट बघूनच बऱ्यापैकी अंदाज येतो. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, रेघ दिसली की लोक थेट फोटोशॉप उघडून टाईल, म्हणजे मागे परत परत मांडली जाणारी छोटी इमेज (कडा जुळल्या की तीच सीमलेस), नव्याने बनवायला बसतात आणि बऱ्याचदा टाईलमध्ये काहीच वाईट नसतं, ती लावण्यात घोळ असतो. त्यामुळे आधी ब्राउझर, मग सर्व्हरवरची फाईल, आणि इमेजला हात सगळ्यात शेवटी.

लक्षणं, नीट बघून घ्या

"रेघ दिसते" एवढ्यावर काही कळत नाही, रेघेचे प्रकार आहेत.

- केसाएवढी बारीक रेघ, झूम बदलला की गायब होते किंवा दुसरीकडे सरकते.
- रेघ कायम तिथेच, कुठल्याही झूमला, दर टाईलच्या कडेला.
- टाईल आतमध्ये बरोबर जुळतेय पण एक सेक्शन संपून दुसरा सुरू होतो तिथे डिझाईन तुटतं.
- रेघ अजिबात नाही, पण लांबून बघितलं की बुद्धिबळाच्या पटासारखे उजळ-गडद चौकोन दिसतात.
- तुमच्या कॉम्प्युटरवर चकाचक, अपलोड केल्यावर कडेला मळकट कण.
- टाईलच नाही, एकच इमेज ताणून भुरकट झालीय.
- लॅपटॉपवर ठीक, फोनवर जाळी.

यातलं तुमचं कुठलं ते कागदावर लिहा, खरंच लिहा, कारण पुढे तपासताना दोन-तीन गोष्टी बदलल्या की मूळ काय होतं ते विसरायला होतं.

फुकटातली तपासणी: स्क्रीनशॉट आणि झूम

पहिले स्क्रीनशॉट काढा आणि तो दुसऱ्या डिव्हाईसवर उघडा. स्क्रीनशॉटमध्ये रेघ नसेल तर ती तुमच्या स्क्रीनची आहे, साईटची नाही, विषय संपला. हसू नका, क्लायंटच्या ऑफिसातल्या जुन्या मॉनिटरवरून असे फोन येतात.

मग कंट्रोल-शून्य दाबून झूम १०० टक्क्यांवर आणा. क्लायंटच्या ब्राउझरचा झूम बऱ्याचदा ९० किंवा ११० वर अडकलेला असतो आणि त्याला ते माहीतही नसतं. १०० ला रेघ गेली तर टाईल चांगली आहे, अपूर्णांकाची भानगड आहे, त्यावर खाली मोठा भाग आहे तिकडे जा. सगळ्या झूमला रेघ तशीच राहिली तर पुढची टेस्ट करा.

लाल रंगाची टेस्ट

माझ्या मते या सगळ्यात हीच सर्वात कामाची आणि हिला एक मिनिटही लागत नाही. राईट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा, ज्या एलिमेंटला, म्हणजे पानाच्या ज्या डब्याला, टेक्स्चर लावलंय त्यालाच बॅकग्राउंड-कलर भडक लाल द्या. रंग टेक्स्चरच्या खाली जातो, वर नाही, त्यामुळे चांगल्या टाईलमध्ये लाल कुठेच दिसायला नको (टाईल मुद्दाम ट्रान्सपरंट असेल तर अर्थात ही टेस्ट चालणार नाही).

आता रेघेकडे बघा. रेघ लाल झाली तर ती फट आहे, म्हणजे दोन टाईलमध्ये खरीच जागा सुटतेय किंवा टाईलच्या कडेचे पिक्सेल अर्धवट ट्रान्सपरंट आहेत. रेघ जशीच्या तशी राहिली तर फट नाही, इमेजची डावी कड उजव्या कडेशी जुळत नाहीये. या दोन्हीचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, आणि ही टेस्ट न करता कामाला लागलं की माणूस फट बुजवायला ब्रश घेऊन बसतो, जी ब्रशने कधीच बुजणार नसते.

सीएसएसच्या चार ओळी

सीएसएस म्हणजे साईट कशी दिसावी ते ठरवणाऱ्या ओळी. इन्स्पेक्ट उघडंच आहे तर हेही बघून घ्या.

बॅकग्राउंड-साईज कव्हर आहे का? पेज बिल्डरमधून इमेज टाकली की बरेच थीम स्वतःहून कव्हर लावतात. कव्हर म्हणजे एकच इमेज अख्ख्या डब्यात भरेल एवढी ताणायची, मग २४० पिक्सेलची टाईल १४०० पर्यंत ताणली जाते आणि लोक म्हणतात टेक्स्चर ब्लर आहे. ऑटो करा किंवा पिक्सेलमध्ये आकडा द्या.

साईज टक्क्यांत आहे का? ३३.३३ टक्के वगैरे दिलं असेल तर १३६६ रुंदीच्या स्क्रीनवर टाईल ४५५ पिक्सेल आणि वर काहीतरी अपूर्णांक होते. ब्राउझर तो अपूर्णांक कसाबसा सांभाळतो, आणि जिथे सांभाळत नाही तिथे रेघ. टेक्स्चरला टक्के देऊच नका.

बॅकग्राउंड-रिपीटमध्ये 'स्पेस' किंवा 'राउंड' आहे का? स्पेस टाईलच्या मध्ये मुद्दाम जागा सोडतो, ते त्याचं कामच आहे. राउंड टाईलचा आकार बदलून पूर्ण संख्येत बसवतो, म्हणजे परत अपूर्णांक आला. साधं रिपीट ठेवा.

आणि मागे टेक्स्चर नसून ग्रेडियंट असेल आणि पान छोटं असल्यावरच खाली आडवे पट्टे दिसत असतील तर तो टाईलचा आजार नाहीच. ग्रेडियंटही डिफॉल्टनं रिपीट होतो, बॉडीला (पानाचा सगळा मजकूर असतो तो डबा) लावला आणि मजकूर अर्ध्या स्क्रीनएवढाच असला की तो खाली परत पहिल्यापासून सुरू होतो. एचटीएमएल एलिमेंटला (बॉडीच्याही बाहेरचा डबा) मिन-हाईट १०० टक्के द्या, पट्टे जातात.

सेक्शनच्या जोडावर डिझाईन तुटतंय

हे कुणाच्या चटकन लक्षात येत नाही. प्रत्येक एलिमेंट आपली टाईल स्वतःच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजायला लागतो. पहिल्या सेक्शनची उंची ७३० आणि टाईल २४० ची, तर शेवटची टाईल १० पिक्सेलवर कापली जाते आणि खालचा सेक्शन लगेच नव्या टाईलने सुरू होतो. टाईल कितीही सुंदर बनवा, इथे तुटणारच.

उपाय सोपा आहे, टेक्स्चर सेक्शनला न लावता त्या सगळ्यांच्या बाहेरच्या रॅपरला किंवा बॉडीला एकदाच लावा आणि सेक्शन पारदर्शक ठेवा. काही जण इथे बॅकग्राउंड-अटॅचमेंट फिक्स्ड करतात, त्यानं जुळतं खरं कारण मग सगळे एकाच व्ह्यूपोर्टपासून (ब्राउझरमध्ये पान दिसतं ती चौकट) मोजतात, पण आयफोनवर फिक्स्डचा भरवसा नाही, त्यामुळे मी त्या वाटेला जात नाही.

अपूर्णांकाची भानगड (झूमनुसार येणारी-जाणारी रेघ)

इथे जरा वेळ घेतो कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात.

विंडोजच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्प्ले स्केल १२५ किंवा १५० टक्के असतो. म्हणजे तुमच्या सीएसएसचा १ पिक्सेल हा स्क्रीनचे सव्वा किंवा दीड पिक्सेल. तुमची टाईल ५० ची असेल तर १२५ टक्क्यांवर ती ६२.५ होते, आणि अर्धा पिक्सेल स्क्रीनवर दाखवता येत नाही. मग ब्राउझर कड थोडी मऊ करतो, मागचा रंग थोडासा झिरपतो, आणि ती रेघ. अँड्रॉइडवर तर २.६२५ आणि २.७५ असे गुणकही सर्रास असतात, म्हणूनच "लॅपटॉपवर ठीक, फोनवर जाळी".

यावर करायचं एवढंच की टाईलचा आकार असा निवडा की कुठल्याही नेहमीच्या गुणकानं गुणलं तरी पूर्ण संख्या येईल. १.२५ आणि २.७५ साठी आकडा ४ च्या पटीत लागतो, २.६२५ साठी ८ च्या, ११० टक्के झूमसाठी १० च्या. म्हणजे ४० च्या पटीत घेतला की सगळे खूश. मी तर सरळ ८० च्याच पटीत घेतो, १६०, २४०, ३२०, ४००, कारण त्यात १६ ची पटही येते आणि ती जेपीजीला उपयोगी पडते, ते पुढे येईलच. ३०० हा सगळ्यांचा लाडका आकडा आहे, पण ८ नं भाग जात नाही, त्यामुळे २.६२५ वाल्या फोनवर तो ७८७.५ होतो.

हाय-रिझोल्युशन स्क्रीनसाठी फाईल दुप्पट ठेवा आणि बॅकग्राउंड-साईज निम्मी द्या, फाईल ८०० तर साईज ४००. आणि एक फुकटचा विमा, लाल टेस्ट झाल्यावर लाल काढा पण बॅकग्राउंड-कलर रिकामा ठेवू नका, टेक्स्चरचा सरासरी रंग तिथे द्या. कुठल्या तरी विचित्र ६७ टक्के झूमला फट पडलीच तरी जांभ्याच्या टेक्स्चरमध्ये जांभ्याच्याच रंगाची रेघ कोण शोधणार.

टेक्स्चर असलेल्या डब्यावर पॅरलॅक्स (स्क्रोल करताना मागचं वेगळ्या वेगानं सरकणं) किंवा ट्रान्सफॉर्म स्केलचं ॲनिमेशन असेल तर ते आधी बंद करून बघा. सरकताना अपूर्णांक येणारच, तिथे आकड्यांची ही युक्ती चालत नाही. टेक्स्चर हलवायचंच असेल तर क्लायंटला दोनदा विचारा की खरंच हवंय का.

सर्व्हरवर गेलेली फाईल तीच आहे का

इन्स्पेक्टमधून इमेजची लिंक नव्या टॅबमध्ये उघडा आणि मूळ फाईलशी ताडून बघा, रुंदी, उंची, फॉरमॅट, साईज. वर्डप्रेस अपलोड झालेल्या इमेजच्या छोट्या आवृत्त्या आपोआप बनवतं, मीडियम म्हणजे ३०० पर्यंत, लार्ज म्हणजे १०२४ पर्यंत, आणि बॅकग्राउंड निवडताना चुकून मीडियम निवडलं गेलं तर तुमची ४०० ची टाईल ३०० ची होऊन येते. फाईलच्या नावाच्या शेवटी ३००×३०० असं शेपूट दिसलं की समजायचं. फुल साईज निवडा.

दुसरं म्हणजे इमेज ऑप्टिमायझर प्लगिन. स्पीडचा स्कोअर वाढवायला कुणीतरी टाकून ठेवलेलं असतं आणि ते तुमच्या स्वच्छ पीएनजीचं लॉसी (दाबताना तपशील गमावणारं) वेबपी करून देतं. या एका फाईलला त्यातून वगळा.

जेपीजी का नको

जेपीजी इमेजचे ८×८ पिक्सेलचे ठोकळे करून प्रत्येक ठोकळा वेगळा दाबतं, आणि रंगाची माहिती कमी करून सेव्ह केली तर ते ठोकळे व्यवहारात १६×१६ चे होतात. टाईलचा आकार या पटीत नसेल तर शेवटचा ठोकळा भरायला एन्कोडर स्वतःच काहीतरी भर घालतो, बहुतेक कडेचेच पिक्सेल परत परत, आणि त्याला काय माहीत की तुमची उजवी कड डावीला चिकटणार आहे. म्हणून कडेला मळ दिसतो. पटीत असली तरी डावा ठोकळा आणि उजवा ठोकळा एकमेकांना न विचारता दाबले जातात, त्यामुळे कमी क्वालिटीत जोड थोडा दिसतोच.

सपाट रंगाचं पॅटर्न असेल तर पीएनजी किंवा लॉसलेस वेबपी, चर्चा नको. दगड-मातीचा फोटो असेल आणि पीएनजी फारच जड होत असेल तर जेपीजी चालेल, पण १६ च्या पटीत आणि क्वालिटी ८५ च्या वर.

आता इमेज उघडा

इथपर्यंत आलात आणि रेघ अजून आहे, म्हणजे इमेजमध्येच आहे.

फोटोशॉपमध्ये फिल्टर, अदर, ऑफसेट. रुंदी आणि उंचीचा निम्मा आकडा टाका आणि रॅप अराउंड निवडा. गिम्पमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ, तिथे निम्म्याचं बटणच आहे. यानं चारही कडा सरकून मधोमध येतात आणि जोड अधिक चिन्हासारखा समोर दिसतो. तो हीलिंग ब्रश किंवा क्लोन स्टॅम्पनं मिटवा, पण ब्रश कडेला नेऊ नका, कडा आता जुळलेल्या आहेत, परत बिघडवाल. क्रिता वापरत असाल तर डब्ल्यू दाबा, कॅनव्हास चारी दिशांना रिपीट होतो आणि रंगवतानाच जोड दिसतो, मला विचाराल तर यासाठी सगळ्यात सुखाचं सॉफ्टवेअर तेच.

लाल टेस्टमध्ये रेघ लाल झाली होती आणि आकडा वगैरे बरोबर होता? मग कडेचे पिक्सेल अर्धवट पारदर्शक आहेत. इलस्ट्रेटरमधून एक्सपोर्ट केलं असेल तर आर्टबोर्डचे एक्स, वाय आकडे बघा, १२०.३७ असं काही असेल तर तिथेच आहे सगळं. एक्स, वाय, रुंदी, उंची चारही पूर्ण संख्या करा. २४० ऐवजी २४१ ची फाईल बाहेर पडणं ही त्याचीच खूण.

आणखी एक छुपं कारण, टाईल तयार झाल्यावर केलेला रिसाईझ किंवा ब्लर. हे दोन्ही करताना सॉफ्टवेअर प्रत्येक पिक्सेलसाठी शेजारचे पिक्सेल बघतं, पण कडेच्या पिक्सेलला पलीकडे शेजारीच नाही, पलीकडच्या कडेला जाऊन बघायचं त्याला सुचत नाही. त्यामुळे जुळलेली टाईल नुसती लहान केली तरी जोड उघडा पडतो. उपाय असा की टाईल ३×३ मांडा, नऊच्या नऊ एकत्र लहान किंवा ब्लर करा, आणि मग मधली तेवढी बरोबर मापात कापून घ्या. कंटाळवाणं आहे पण पक्कं आहे. मूळ आकार असा निवडा की लहान केल्यावर मधली टाईल पूर्ण पिक्सेलवरच कापली जाईल.

रेघ नाही, पण चौकोन दिसतात

जांभ्याच्या भिंतीचा फोटो काढला तेव्हा ऊन एका बाजूनं होतं, म्हणून एक कोपरा उजळ आणि समोरचा गडद. ऑफसेट करून जोड मिटवला तरी ही उजेडाची चढ-उतार राहते आणि टाईल चाळीस वेळा मांडली की डोळा तेवढंच पकडतो. फोटोशॉपमध्ये हाय पास फिल्टर मोठ्या रेडियसनं मारा. गिम्पमध्ये लेयरची कॉपी करा, ती भरपूर गॉशियन ब्लर करा आणि तिचा मोड ग्रेन एक्स्ट्रॅक्ट ठेवा. दोन्हीत मोठ्या भागावरचा उजेड सपाट होतो, बारीक कण राहतात. रंग फिका पडतो, तो नंतर वरून द्या. हे सगळं जोड मिटवायच्या आधी करायचं, नंतर नाही.

आणि ओळखू येणारी एखादी गोष्ट टाईलमध्ये असेल, दगडातलं एक मोठं भोक, कागदातला एक लांब धागा, तर ती काढून टाका. एकदा नजरेला सापडली की पानभर तीच दिसते. काढायची नसेल तर दोन-तीन पारदर्शक थर वेगवेगळ्या मापाचे एकमेकांवर ठेवा, सीएसएसमध्ये एकाच एलिमेंटला स्वल्पविराम देऊन अनेक बॅकग्राउंड लावता येतात. २४०, ४०० आणि ५६० असे तीन थर घेतले तर पूर्ण डिझाईन ८४०० पिक्सेलनंतरच परत येतं, आणि तिन्ही आकडे ८० च्या पटीत.

कापडाचा फोटो

खण, इरकल, पैठणीची बुट्टी, यांचं गणित दगडापेक्षा वेगळं आहे. दगडाचा जोड ब्रशनं लपतो, विणीचा नाही. टाईलमध्ये बुट्ट्या पूर्ण संख्येत बसल्याच पाहिजेत. एका बुट्टीपासून दुसऱ्या बुट्टीपर्यंत ६३.५ पिक्सेल येत असेल तर आधी पूर्ण फोटो असा रिसाईझ करा की ते अंतर ८० होईल, मग त्याच्या पटीत कापा. बुट्ट्या एकाआड एक सरकलेल्या असतील तर एका ओळीनं भागत नाही, दोन ओळी घ्या. आणि फोटो तिरका असेल तर आधी सरळ करा, शक्य असेल तर फोटोच घेऊ नका, कापड सपाट करून स्कॅन करा.

कुठे थांबायचं

कापड स्कॅन करूनही वीण जुळत नसेल तर सोडा. हाताने विणलेल्या कापडात दोन बुट्ट्यांमधलं अंतर जागोजागी बदलतं आणि ते पिक्सेल ओढून ओढून सरळ करणं हे वेब डिझायनरचं काम नाही. कापडाचे रिपीट बनवणारे टेक्स्टाईल डिझायनर असतात, जॅकार्डसाठी (विणीतच नक्षी काढणारा माग) ग्राफ करणारे असतात, इचलकरंजी-सुरतकडे हेच रोजचं काम आहे, ते मोटिफ नव्याने काढून देतात. ब्रँडचं स्वतःचं पॅटर्न असेल आणि तेच पुढे पिशवीवर, डब्यावर छापायचं असेल तर पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडेच द्या.

इन्स्पेक्टमध्ये बदल केला की दिसतो पण सेव्ह केल्यावर थीम तो परत खोडते, असं झालं तर थीमच्या मूळ फाईली उघडू नका, पुढच्या अपडेटला ते जाणारच आहे. चाईल्ड थीम (मूळ थीमला हात न लावता आपले बदल वेगळे ठेवणारी) करता येणाऱ्या डेव्हलपरला सांगा, त्याच्यासाठी छोटं काम आहे.

टेक्स्चर कुठूनतरी डाउनलोड केलेलं असेल आणि लायसन्स सापडत नसेल तर दुरुस्तीत वेळ घालवूच नका, दुसरं घ्या.

आणि प्रोफेशनलकडे जाताना नुसता स्क्रीनशॉट नेऊ नका. मूळ लेयरवाली फाईल, साईटवरून उतरवलेली फाईल, रेघ दिसते त्या डिव्हाईसचं नाव, त्याचा डिस्प्ले स्केल आणि ब्राउझरचा झूम, आणि लाल टेस्टमध्ये रेघ लाल झाली की नाही, एवढं एका मेसेजमध्ये पाठवा.